चुलीपासून हातभर अंतरावर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून देशाच्या ऊर्जा नियोजनावर काहीतरी भारदस्त हवं होतं. धरणं, कोळसा, वीजघरं, दिल्लीच्या बैठका. मी म्हटलं, बैठकांत मी चहा प्यालो आणि दुसऱ्यांनी जमवलेले आकडे वाचून दाखवले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नियोजन म्हणजे काय हे मला थोडंफार कळलं ते एका स्प्रिंगच्या काट्यामुळं आणि दोन बायकांमुळं. ते लिहू का? ते 'लिहा' म्हणाले. बहुधा पानं रिकामी असावीत.

आधीच सांगून टाकतो, एका जागी बसून लिहिणारा माणूस मी नव्हे. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठलोय. एकदा उगाचच, आणि एकदा गॅसची टाकी आली म्हणून. टाकी हातानं उचलून बघितली. बायको म्हणाली, "निवृत्त होऊन जमाना झाला, अजून टाकी तोलता?" काय करणार, हाताची सवय जात नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तेलाचे भाव जगभर भडकले होते, आपल्याकडं रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. दिल्लीला प्रश्न पडला, हा देश वर्षाला नेमकं जाळतो किती? कोळशाची पावती असते, विजेला मीटर असतं, तेलाची पिंपं मोजता येतात. पण खेड्यातल्या चुलीला ना मीटर ना पावती. तिथं लाकूड जळतं, गोवऱ्या जळतात, कापूस वेचून झाल्यावरच्या पऱ्हाट्या जळतात, आणि हे सगळं बायका डोक्यावरून आणतात, त्यामुळं कुठल्याच कागदावर येत नाही. जे कागदावर नाही त्याची योजना कशी आखणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून ठरलं, की काही गावं निवडायची, प्रत्येक गावात चिठ्ठ्या टाकून दहा घरं काढायची आणि सात दिवस त्या घरांचं जळण तोलायचं. काम सोपं होतं. सकाळी घरच्या बाईनं दिवसभराचं जळण वेगळं काढून ठेवायचं. आम्ही ते काट्याच्या हुकाला लटकवून तोलायचं. संध्याकाळी उरलेलं पुन्हा तोलायचं. वजाबाकी म्हणजे त्या दिवशीचं जळण. लाकूड एका रकान्यात, गोवऱ्या दुसऱ्यात, पऱ्हाट्या तिसऱ्यात, रॉकेल चौथ्यात. त्याखाली घरात जेवणारी माणसं किती. आणि गावाच्या तक्त्याच्या शेवटी एकच शब्द: जळण 'पुरेसं' किंवा 'तुटवडा'.

या एका शब्दावर बरंच अवलंबून होतं. ज्या गावाला 'तुटवडा' येईल तिथं सरकार सरपणाचा डेपो काढणार होतं. जंगलातलं लाकूड ठरल्या दरानं गावातच मिळणार, म्हणजे बायकांची डोंगरापर्यंतची पायपीट वाचणार. घरात लाकूड जळत असलं तर घर ठीक चाललंय असं धरायचं. शेणावर आणि काडीकचऱ्यावर आलं तर समजायचं की जळण संपलंय, शेताचं खत चुलीत जातंय.

आम्हाला एक पुस्तिका दिली होती. तिच्या पान अकरावर ठळक अक्षरांत नियम होता: 'मोजणी करणाऱ्याने सातपैकी किमान दोन दिवस, दोन्ही वेळच्या स्वयंपाकास, चुलीपासून हातभर अंतरावर बसावे.' कारण उघड होतं. दारात आणून दाखवतात ते एक आणि चुलीत घालतात ते दुसरं, असं होऊ शकतं. नियम शहाण्या माणसानं केला होता. फक्त आमच्याकडं चुलीपर्यंत कोण जाऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचा, बौद्ध घरातला. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. बी.एस्सी. झालो आणि औरंगाबादच्या कचेरीत हंगामी अन्वेषक म्हणून लागलो. कागदावर अन्वेषक, गावात मला 'काटेवाला' म्हणत. जालना तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे औरंगाबाद जिल्ह्यातच. भोकरदन तालुक्याच्या डोंगराकडची गावं माझ्याकडं आली, आणि त्यातलं पहिलं गाव धावड्याच्या अलीकडं तीन कोसांवरचं सावरखेडा.

सावरखेड्यात राहायचं कुठं हा प्रश्नच नव्हता. माझ्या आईची मावशी तिथं दिलेली होती. राहीआजी. तिचा एकुलता मुलगा वारला होता आणि ती व तिची सून, म्हणजे माझी कौसामामी, दोघीच घरात होत्या. मामी मजुरीला जायची. आजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फैलावर घ्यायची. मी एसटीतून उतरलो, खांद्याला काटा, बगलेत तक्ते. आजीनं मला बघितलं आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, की शेवंताचा पोरगा सरकारी साहेब होऊन आलाय आणि तो आपल्याच घरी उतरणार हाय.

दुसऱ्या दिवशी चावडीवर चिठ्ठ्या टाकल्या. सातवी चिठ्ठी निघाली ती नेमकी राहीआजीच्या घराची. मोजणाऱ्यानं मोजणीच्या घरात राहू नये, हे पुस्तिकेत नसलं तरी कुणालाही कळेल. मलाही कळलं. पण मग जाऊ कुठं? शाळेची खोली मास्तरांच्या ताब्यात, देवळाची ओसरी माझ्यासाठी नाही. राहिलो तिथंच.

मोजणीला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी सखाराम नावाच्या म्हाताऱ्यानं माझा जीव खाल्ला. त्याच्या डोक्यात बसलं की सरकार आता चुलीवर कर लावणार. त्यानं सगळं जळण कडब्याच्या गंजीत लपवलं आणि मला सांगितलं की आमच्या घरी चूलच पेटत नाही, आम्ही फुटाण्यावर राहतो. दोन दिवस तो खरोखर माझ्यासमोर फुटाणे खात बसला. मागं छपरातून धूर निघत होता. तिसऱ्या दिवशी त्याची बायको गोवऱ्यांची पाटी घेऊन बाहेर आली, माझ्यापुढं आपटली आणि म्हणाली, "तोला. ह्याला आता फुटाणे पचंनात." दहा घरांत गोवऱ्या दाखवल्या त्या एवढ्या एकाच घरानं. बाकीच्या नऊ घरांतून दारात लाकूड आलं. चांगलं, सालीचं, वाळलेलं लाकूड.

पाटलांच्या घरातूनसुद्धा. आसारामबापू पाटील गावातलं जुनं खानदान. बापूंनी ओसरीवर सतरंजी टाकायला लावली, माझं शिक्षण विचारलं, माझ्या वडिलांना ओळखतो म्हणाले. सगळं बराबर. चहा आला तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपात, आणि पिऊन झाल्यावर तो कप मी विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. बापूंच्या पत्नी, गोदाकाकू, सकाळ-संध्याकाळ लाकडाची मोळी उंबऱ्यात आणून ठेवत. मी ओसरीच्या कडेला बसून तोलत असे. चुलीजवळ बसू द्या, असं मी विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? आणि हो म्हणून मागून चूल धुतली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा हिशोब मी मनाशी केला.

पण सगळा दोष पाटलांवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. मी कौसामामीच्या चुलीजवळही बसलो नाही. तिथं मला कोण अडवणार होतं? पहिल्या दिवशी आत वाकलो तर मामी म्हणाली, धुरात कशाला बसून राह्यलास, साहेब माणूस तू, बाहेर खाटेवर बस. आजीनं खाटेवर गोधडी टाकली. मी बसलो. लोक येऊन रामराम, जयभीम करून जात. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. मामी सकाळी लाकूड दारात आणून ठेवायची, मी तोलायचो. दोन्ही वेळा ताट बाहेर खाटेवर यायचं.

सात दिवसांनी औरंगाबादला परतलो तेव्हा माझे तक्ते कचेरीत सगळ्यांत स्वच्छ होते. आमचे साहेब, जोशीसाहेब, आकड्यांत खाडाखोड दिसली की तापायचे. त्यांनी माझे कागद चाळले, 'घरोघरी मातीच्या चुली, पण अक्षर मात्र तुमचंच' असं काहीतरी म्हणाले आणि खूश झाले. मी सावरखेड्याच्या तक्त्याखाली लिहिलं: जळण पुरेसं.

पंधरा-वीस दिवसांनी पुढच्या गावासाठी मी धावड्याला निघालो होतो. एसटी नादुरुस्त झाली म्हणून चालत होतो. वैशाखाचं ऊन. समोरून डोंगरातून बायकांची रांग उतरत होती, डोक्यावर काटक्यांचे भारे. त्यात कौसामामी. मला बघून तिनं भारा उतरवला आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि, मूर्खच मी, चेष्टेनं विचारलं, की घरात एवढी बाभळ रचलेली असताना तीन कोस कशाला तंगडतोड करतेस?

ती सहज म्हणाली, "ती व्हय? ती आत्याबाईच्या सरणाची व्हती. तू आल्तास म्हणून काढली."

सासूला ती आत्याबाई म्हणायची. मला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं, पाणी पीत पीत, काही विशेष नसल्यासारखं. आमच्यात पूर्वी माणूस पुरत. दीक्षा घेतल्यापासून आजीनं एकच धरलं होतं, मला पुरायचं नाही, अग्नी द्यायचा. नवा धर्म घेतला तर जाणंही नव्या रीतीनं. आणि आपल्या अग्नीसाठी कुणापुढं पदर पसरायचा नाही. दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा वाळून पडलेल्या बाभळीचं एकेक लाकूड रोज येताना घेऊन यायची. मागच्या पडवीत दगडांवर रचून, वर पत्रा टाकून ठेवलेलं. निम्मं सरण जमलं होतं. सून पावसाळ्यात ओल्या काटक्या फुंकून फुंकून रडायची, पण त्या लाकडाला हात लावू द्यायची नाही म्हातारी. मी आलो त्या दिवशी मात्र तिनंच पत्रा बाजूला केला. शेवंताच्या पोरासमोर, सरकारी माणसासमोर, शेणाच्या जाळावर भाकर? आणि तो कागदावर लिहून घेणार, ते दिल्लीला जाणार? बिलकुल न्हाई.

"आता ऱ्हायलं असंल की निम्मं," मी म्हणालो.

"एकदा ढीग फुटला की मंग थांबतो व्हय, उत्तम? पावशेर बी न्हाई ऱ्हायलं."

मी विचारलं, बाकीच्या घरांचं काय? ती हसली. म्हणाली, येडा की काय तू, साऱ्या गावानंच राखीव काढलं. कुणी लग्नाचं, कुणी नांगराच्या दांडीचं. पाव्हणा दारात बसलेला असताना गोवऱ्या कोण काढंल? सखारामाची बायको तेवढी येडी, तिनं खरं दाखवलं.

तिनं भारा डोक्यावर घेतला आणि गेली. मी धावड्याला गेलोच नाही. मिळेल त्या गाडीनं उलटा भोकरदन, तिथून औरंगाबाद. वाटेत मनात एकच, आपल्या एका घरामागं हिशोबात हजारो घरं धरली जातात. नियोजनाची युक्तीच ती. थोडी घरं तोलायची आणि त्यावरून देश मापायचा. म्हणजे माझी ओसरी सगळ्या देशावर पसरणार. आणि ते बाजूला ठेवलं तरी, त्या दोन बायकांच्या गावाला डेपो मिळणार नव्हता, कारण मी 'पुरेसं' लिहिलं होतं.

जोशीसाहेबांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं, सावरखेड्याचा तक्ता चुकीचा आहे. त्यांनी पुस्तिका उघडली.

"पान अकरा वाचलं होतंत ना?"

"वाचलं होतं, सर."

"मग चुलीजवळ का बसला नाहीत?"

मी म्हणालो, "पाटलांच्या चुलीजवळ मला कोण बसू देईल, सर?"

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "इंग्रजीवरून भाषांतर मी केलंय. 'हातभर' हा शब्द माझा. लिहिताना तुम्ही लोक डोळ्यांपुढं आलाच नाहीत." एवढंच. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही आणि मला तशी अपेक्षाही नव्हती. मी मात्र मान खाली घालून दुसरी गोष्टही सांगितली, की जिथं कुणी अडवलं नसतं तिथंही मी खाटेवर बसलो होतो. ते म्हणाले, एकत्र तक्ता पंधरवड्यात दिल्लीला जाणार, तुम्हाला चार दिवस देतो, न कळवता जा आणि पुन्हा तोला, तुटवडा निघाला तर पावसाळ्याआधी डेपो देऊ.

सावरखेड्यात पोचलो ते थेट चुलीशी. खाट उभी करून ठेवली. आजी ओरडली, मामी लाजली, मी हललो नाही. चूल धुमसत होती. दोन गोवऱ्या, मूठभर पऱ्हाट्या, कुठलासा कुंपणाचा काटा. मामी फुंकणीनं फुंकत होती, तिचे डोळे लाल झाले, माझे झाले. भाकर अर्धी कच्ची निघाली. मी सगळं तोललं. लाकडाच्या रकान्यात शून्य.

आजी खवळली. तिनं मला विचारलं, की आमची लाज दिल्लीला पाठवून तुला काय मिळंल? मी तिला डेपोचं सांगितलं. गावातच लाकूड मिळणार, पावसाळ्याआधी येणार, साहेबांनी शब्द दिलाय. तुझं सरणसुद्धा त्यातूनच उभं करून देतो म्हणालो. छाती फुगवून म्हणालो.

ती म्हणाली, "मला काय घाई न्हाई रे बाबा. पर मरणाला काय ठावं, तुझा डेपो कवा येतो ते."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर गेलो. बापू नव्हते, गोदाकाकू दारात आल्या. मी एका दमात बोलून टाकलं, की मागच्या वेळी तुम्ही दाखवलेलं लाकूड रोजचं नव्हतं हे मला कळलंय, खरं तोलायचं तर मला चुलीपासून हातभरावर बसावं लागेल. काकू उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. त्या मागं वळल्या. आत गेल्या. मला वाटलं संपलं, आता बापू येतील आणि कचेरीत तक्रार जाईल.

काकू बाहेर आल्या त्या तीन दगड घेऊन. अंगणाच्या मध्यावर दगड मांडले, आतून गोवऱ्या आणि तुरीच्या वाळक्या तुराट्या आणल्या, परात आणली, तवा ठेवला आणि माझ्यासमोर अंगणात भाकरी थापायला बसल्या. पाटलाची बायको, भर उन्हात, उघड्यावर, सगळी गल्ली बघत असताना. म्हणाल्या, "घ्या. हातभरावर बसा. आमी बी ह्याच्यावरच भागवून राह्यलो दोन वर्षांपास्नं. ह्यांना सांगू नका, मी सांगन."

मी हातभरावर बसलो. तोललं. आकडा खरा निघाला. मला त्या बाईचं आजही मोल वाटतं, आणि आजही त्या अंगणाचा राग येतो. मला आत घ्यायला नको म्हणून तिनं चूलच बाहेर आणली. तिनं मला नियम पाळू दिला आणि घराचा नियमही मोडला नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याला मी काय करू?

चौथ्या दिवशी तक्ता साहेबांपुढं ठेवला. त्यांनी लाल शाईनं 'पुरेसं' खोडलं आणि 'तुटवडा' लिहिलं. आयुष्यात त्यांनी स्वतः केलेली ती पहिली खाडाखोड असावी. मग मला विचारलं, बाकीच्या गावांचं काय? हसनाबादकडची गावं माझ्या जोडीदाराकडं होती. त्याला बोलावलं. चांगल्या घरचा मुलगा, त्याला कुठल्याही पाटलानं आत घेतलं असतं. तो म्हणाला, घरोघर कशाला फिरायचं, मी सगळ्यांना मोळ्या चावडीवर आणायला सांगितल्या. साहेब खुर्चीत मागं टेकले. पुन्हा सगळी गावं तोलायला ना माणसं होती ना दिवस. सावरखेडा दुरुस्त होऊन गेलं, बाकीचं जसं होतं तसं गेलं. पुढं दिल्लीला छापील अहवालात मी ती सरासरी बघितली, मोठमोठ्या लोकांना ती वापरून योजना आखताना बघितलं, आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत आपणही आहोत हे ओळखून गप्प बसलो.

डेपो मंजूर झाला. कागद आला. मंजुरी आणि लाकूड यांच्यामध्ये किती टेबलं असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. मी दर आठवड्याला कारकुनाकडं जाऊन विचारायचो, तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. भोकरदनच्या वखारीतून बैलगाडीभर लाकूड घेऊन आजीच्या पडवीत टाकणं मला जमलं असतं. एका दिवसाचं काम. डोक्यात आलंही होतं. पण डेपो येतोच आहे, मग कशाला, असं म्हणून मी थांबलो. योजनेवर इतका विश्वास मी पुन्हा कधी ठेवला नाही.

भाद्रपदात झड लागली. सहा दिवस पाऊस उघडला नाही. सातव्या दिवशी कचेरीत निरोप आला, राहीआजी गेली. मी पोचलो तेव्हा दुपार होती आणि पाऊस अजून पडतच होता. वस्तीतली माणसं घरोघर फिरून आली होती. काही ओल्या गोवऱ्या, भिजलेल्या पऱ्हाट्या, कुणाच्या तरी छपराचा एक वासा. एका बाजूला ते ठेवलं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. मला काट्याची गरज नव्हती, नजरेनं कळत होतं. त्यावर पाणीसुद्धा तापलं नसतं. कौसामामीनं रॉकेलची बाटली आणली, हलवून बघितली आणि ठेवून दिली.

वाट किती बघणार? जुन्या माणसांनी आपसात ठरवलं आणि दोघंजण कुदळ-फावडं आणायला गेले. वंदना म्हटली. खड्ड्यात पाणी भरत होतं, ते पाटीनं काढत होते. मामी माझ्या शेजारी उभी होती. ती रडत नव्हती, फक्त एवढंच म्हणाली, "एवढं एकच मागितल्तं तिनं."

डेपो दिवाळीनंतर आला. गावाच्या तोंडाशी पत्र्याची शेड, पाटी, नारळ. मला मुद्दाम बोलावलं होतं. रांगेत कौसामामी उभी होती. मला बघून म्हणाली, "आला व्हय तुझा डेपो." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढं मी मोठ्या कचेऱ्यांत गेलो, बढत्या मिळाल्या. हाताखालच्या पोरांना गावात पाठवताना पहिला प्रश्न विचारायचो, कुठं बसणार? पोरं चिडायची, 'साळवेसाहेबांचं चुलीचं खूळ' म्हणायची. म्हणोत.

त्या पहिल्या, खोडलेल्या तक्त्याची कार्बन प्रत माझ्याकडं आहे. हे लिहिण्याआधी काढली. अक्षर खरंच चांगलं आहे. घर क्रमांक सात. लाकूड, सात दिवसांचं मिळून बेचाळीस किलो. गोवऱ्या, निरंक. वापर, स्वयंपाक. जेवणारी माणसं, दोन.

दोन नव्हती. सातही दिवस, दोन्ही वेळा, मी त्या घरात जेवलो होतो. सगळं गाव मोजलं आणि मला मोजलं नाही. ती चूक साहेबांच्या लक्षात आली नाही, दिल्लीच्या आली नाही, माझ्याही आली ती आजीला पुरून परत येताना, एसटीत. उन्हाळ्यात त्या खाटेवर बसून मी राहीआजीच्या सरणावर भाजलेली भाकर खाल्ली होती. बाभळीच्या निखाऱ्यावरची, चांगली खरपूस. मी रोज आणखी एक मागून घेत होतो.